तबीथाच्या लेकी सिनेमाला गेल्या

जॅक्सनव्हिल शहरातले निम्मे पांढरे कपडे केझाया गॅड्सडेनच्या हातून धुऊन निघत. वकिलांचे शर्ट, हॉटेलच्या चादरी, नव्या नवऱ्यांचे कडक कॉलर. काळ्यांच्या लाव्हिला वस्तीतल्या तिच्या परसात दोन ओक झाडांमध्ये तारा बांधलेल्या होत्या आणि त्यांवर कुणाचं काय वाळतंय यावरून शेजारपाजारच्या बाया साऱ्या गावाच्या घरातल्या गोष्टी ओळखत. पण त्या वर्षी वसंतात एक माणूस हातगाडीवर घालून मलमलीचं जे धूड घेऊन आला, ते काही कुणाला ओळखू आलं नाही.

"कुठल्या राक्षसाच्या खाटेवरचं हे?" केझायानं विचारलं.

"खाटेचं नाही, मिसेस गॅड्सडेन. आमचं छत आहे ते."

केझायानं आधी मागं वळून पाहिलं. मिसेस गॅड्सडेन म्हणजे आपणच, हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. नदीपलीकडची गोरी गिऱ्हाइकं तिला 'आन्टी केझी' म्हणत, आणि नवरा गेल्यापासून पुरं नाव घेऊन हाक मारणारं चर्चबाहेर कुणी राहिलं नव्हतं.

माणसाचं नाव अँब्रोज पेटिफर्ड. शिकागोचा. आपल्याच माणसांचे, आपल्याच माणसांसाठी सिनेमे काढायचा. त्याच्या कोटाचं कापड भारी होतं, पण कोपरांना ठिगळं होती. दिवे लावायची ऐपत नसल्यानं तो उघड्या मैदानात बिनछपराच्या खोल्या उभ्या करी आणि ऊन मऊ व्हावं म्हणून वर मलमल ताणी. दमट हवेनं त्या मलमलीवर बुरशीचे डाग पडले होते.

तो हे सांगत असताना केझायाची लेक लिओन्टीन इस्त्री करता करता मागच्या बाजूला बायकांना हसवत होती. हॉटेलच्या मालकिणीची नक्कल चालली होती. बोलत काहीच नव्हती; नुसती मान एवढीशी वर, नाक एवढंसं आत, आणि दोन बोटांत रुमाल, मेलेला उंदीर धरावा तसा. बाया पोट धरून हसत होत्या. पेटिफर्ड मलमल विसरून बघत राहिला.

"ह्यांनी कधी सिनेमात काम केलंय का?"

"केलंय," लिओन्टीननंच उत्तर दिलं. "नदीपलीकडच्या स्टुडिओत. भूत बघून पळणारी स्वयंपाकीण. तोंडाला पीठ फासून पळवलं मला दिवसभर. वर म्हणाले, डोळे आणखी फिरव."

"मग?"

"मग काय, फिरवले. घरी येऊन तोंड धुतलं, ते पुष्कळ वेळ धुतलं."

"माझ्याकडे पीठ नाही," पेटिफर्ड म्हणाला. "माझ्या गोष्टीत एक आई आहे. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत. पळायचं नाही कुठं."

केझायानं लेकीकडं बघितलं. लेक सव्वीस वर्षांची, कामसू, चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहणारी. तिला नाही म्हणावं तर ती ऐकणारी नव्हती, आणि हो म्हणावं तर उद्या जग काय म्हणेल. केझायानं मलमलीचं एक टोक नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाली, "लिंबू आणि मीठ लागेल. शनिवारी न्या."

मलमल धुऊन गेली आणि तिच्यामागोमाग लेकही गेली.

लिओन्टीन सकाळी ऊन चढायच्या आत मैदानावर जाई आणि चारला परत येई. ऊन कललं की काम बंद. तोंडाला पिवळी पावडर असे. ओठांना लाल रंग लावला तर पडद्यावर काळा दिसतो म्हणे. एकदा तर ती शर्टांचा गठ्ठा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, हे चहात बुडव."

"काय?"

"पांढरं कापड पडद्यावर डोळ्यांत घुसतं. थोडं पिवळट हवं."

"जन्म गेला माझा पिवळं पांढरं करण्यात," केझाया म्हणाली, "आणि आता लेक म्हणते, पांढरं पिवळं कर! उद्या सांगशील, चादरी चिखलात बुडव." पण तिनं चहा उकळला, आणि डाग पडू नयेत म्हणून तो गाळूनही घेतला.

बातमी चर्चपर्यंत जायला फार दिवस लागले नाहीत. लिटल नेबो बॅप्टिस्ट चर्चमध्ये थिएटर, नाच आणि पत्ते ही तिन्ही सैतानाची दारं मानली जात. नियम साधा होता. अशा दारातून जो गेला त्यानं महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी मंडळीसमोर उभं राहायचं, 'चुकले, माफ करा' म्हणायचं, मग सगळे येऊन हात मिळवत आणि गोष्ट तिथंच संपे. नाचाच्या पायी दर वर्षी चारदोन पोरं उभी राहतच. पण जो माफी मागणार नाही, त्याचं नाव मंडळीतून कमी होई.

नाव कमी होणं म्हणजे काय ते केझायाला बरोबर ठाऊक होतं. चर्चमध्ये धुणंवाल्या, शिवणवाल्या, स्वयंपाकिणी अशा बायांचा एक गट होता, 'तबीथाच्या लेकी'; बायबलातली तबीथा गरिबांना कपडे शिवून देई. एकमेकींच्या मयताचा भार त्या उचलत. मंडळीतलं कुणी गेलं की सगळ्या पांढरे झगे घालून, पांढरे हातमोजे चढवून दोघीदोघींनी प्रेतामागं चालत आणि तोंड मिटून गुणगुणत. शब्द नाहीत, नुसता सूर. तो सूर गल्लीत आला की दुकानदार टोप्या काढत. ज्याचं नाव कमी झालं त्याच्यामागं हा सूर नाही.

केझायाचा थोरला, एलिस, महायुद्धाच्या वर्षी फ्रान्सला गेला. बंदरावर जहाजं रिकामी करायचं काम होतं, बंदूक हातात आली नाही. पण तापानं गाठलं आणि तिकडंच पुरला. प्रेत नाही म्हणून मिरवणूक नाही. बातमी आली त्या दिवशी केझायानं त्याचा रविवारचा शर्ट इस्त्री केला, घडी घालून पेटीत ठेवला, आणि त्याबद्दल कधी कुणाशी बोलली नाही. एक लेकरू असं कुणी मागं न चालता गेलं. आता दुसरं सिनेमावाल्यांबरोबर गावोगाव फिरणार, कुठल्या तरी परक्या शहरात पडणार, आणि तिच्याही मागं कुणी नसणार. केझायाची भीती एवढीच होती, पण ती तिला झोपू देत नव्हती.

तबीथाच्या लेकींची प्रमुख होती सिस्टर मोझेल रिव्हर्स. मासळीच्या गाड्यावर तिनं केझायाला गाठलं. मुलेट मासे हातात उलटेपालटे करत, वर न बघता म्हणाली, "तुझ्या लेकीचं तोंड म्हणे आता भिंतीएवढं होणार."

"आमच्या वस्तीत तोंडं मोठीच असतात, सिस्टर मोझेल. कुणाची पडद्यावर, कुणाची मासळीबाजारात."

मोझेलनं मासा खाली ठेवला. "हसण्यावारी नेऊ नकोस, केझाया. शनिवारी तिचं नाव निघणार. माझ्याच तोंडून निघेल, कारण तो माझा भार आहे. तिला सांग, उभी राहा, दोन शब्द बोल, सगळ्यात आधी मीच तिचा हात हातात घेईन. मी तिला दुपट्यातली बघितलीय गं."

केझाया घरी आली आणि तिनं लेकीला सांगितलं. लिओन्टीन जेवत होती. भेंडी, भात आणि कालचा मक्याचा भाकरवजा पाव.

"कशाची माफी मागू?"

"मागून टाक. दोन शब्द. तोंड झिजत नाही."

"नाचून आलेली पोरं माफी मागतात, कारण ती नाचली आणि त्यांना वाटतं की चुकलं. मला तसं वाटत नाही, आई. देवासमोर खोटं बोलू?"

"देवाला तुझा सिनेमा नाही कळत, माझी काळजी कळते!"

"तुला कळतो का माझा सिनेमा? बघितलास?" लिओन्टीननं ताट सरकवलं. "पामेटो थिएटरात लागतोय गुरुवारी दुपारी. तू ये. पूर्ण बघ. बघून तू म्हणालीस, लिओन्टीन, माफी माग, तर शनिवारी उभी राहीन आणि मागेन. एक शब्द उलट बोलणार नाही."

"मी? थिएटरात?"

"तूच. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही मागणार."

आता झालं असं की गुरुवार उजाडला आणि केझायापुढं प्रश्न पडला, घालायचं काय. धुण्याचा झगा घालून लेकीच्या सिनेमाला जाता येत नव्हतं. काळा झगा होता, पण तो घालून गेली तर लपूनछपून गेल्यासारखं वाटलं असतं. चोरासारखं जायचं नाही, तिनं ठरवलं. जायचं तर देवासमोर उभी राहते त्याच कपड्यांत जायचं. त्याला बघायचं असेल तर त्यानं बघावं. तिनं पेटीतून पांढरा झगा काढला. पांढरे हातमोजे चढवले. पांढरी टोपी घातली. मन इतकं लेकीत गुंतलेलं, की आपण गुरुवारी भर दुपारी पांढऱ्यात बाहेर पडतोय याचा अर्थ वस्ती काय लावेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

तबीथाच्या लेकींचा एक नियम होता. रविवार सोडून आडवारी एखादी बहीण पांढऱ्यात दिसली की समजायचं, कुणी तरी गेलं. कोण गेलं हे विचारायचं नाही. रडणाऱ्याला बोलतं करणं पाप. आपला झगा चढवायचा आणि मागं चालायला लागायचं.

कोपऱ्यावरच्या शिवणवालीनं खिडकीतून केझायाला बघितलं. चेहरा दगडासारखा, नजर समोर. "अगं बाई, कोण गेलं!" म्हणत तिनं सुई टाकली. न्हाव्याच्या बायकोनं बघितलं. गुरुवार म्हणजे बंगल्यांवर काम करणाऱ्यांची अर्ध्या दिवसाची सुटी, त्यामुळं बाया घरीच होत्या. ॲशली स्ट्रीटला वळेपर्यंत केझायामागं दोघीदोघींची लांबलचक पांढरी रांग झाली होती, आणि शेवटून धापा टाकत, एक हातमोजा अजून हातातच धरून, सिस्टर मोझेल रिव्हर्स पुढं येत होती.

केझायाच्या मागं पावलं वाजत होती. पण ती वळली नाही. वळले तर बायबलातल्या लोटाच्या बायकोसारखी इथंच मिठाचा खांब होईन, असं तिला वाटत होतं. तिनं थिएटरच्या दारात तिकीट घेतलं आणि आत शिरली.

दारात पेटिफर्ड उभा होता. पांढऱ्या झग्यांतल्या बायकांची ती फौज बघून त्यानं दोन्ही हात पुढं केले. चर्चवाल्या थिएटर बंद पाडायला आल्या असं वाटून तो म्हणाला, "माझ्या माता-भगिनींनो, मी सगळं समजावून सांगतो..."

"बाजूला हो, बाबा," मोझेल म्हणाली. "दुःखाची वेळ आहे."

रांग क्षणभर अडखळली होती. थिएटरात मयत? पण मोझेल मागं वळून म्हणाली, "मरणाऱ्याला जागा निवडता येत नाही. चला आत." तिकिटाच्या खिडकीतल्या पोरीची त्यांच्याकडं पैसे मागायची छाती झाली नाही.

आत अंधार. केझाया पहिल्या रांगेत बसली, म्हणून त्याही तिच्या आजूबाजूला आणि मागं बसल्या. शोकातली मुख्य बाई उठल्याशिवाय कुणी उठायचं नसतं. पियानो वाजत होता. मोझेल केझायाच्या कानाशी वाकली. "केझाया, प्रेत कुठंय?"

"कसलं प्रेत?"

"म्हणजे? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं!" केझायानं पहिल्यांदाच वळून पाहिलं, आणि तिला मागं सगळं चर्च दिसलं. "अगं, तुम्ही सगळ्या इथं काय करताय?"

"आम्ही तुझ्यामागं आलो! तू पांढऱ्यात!"

"मी माझ्या लेकीला बघायला आलेय!"

मोझेलनं दोन्ही हात आभाळाकडं नेले. "देवा, ह्या बाईनं आम्हाला सैतानाच्या दारातून आत आणलं, आणि तेही हातमोजे घालून!" ती उठायला निघाली, तेवढ्यात पडदा उजळला आणि त्यावर लिओन्टीन आली. मोझेलचं उठणं अर्ध्यावर राहिलं.

केझायाला वाटलं होतं, लेक तिथं डोळे फिरवेल. पळेल. पडेल. लोक हसतील. पण पडद्यावरची बाई विहिरीवरून पाणी आणत होती, पोराला मांडीवर घेत होती, शेतावरून परतणाऱ्या नवऱ्यासाठी दारात उभी राहत होती. तिला कुणी दटावत नव्हतं. थिएटर भरलेलं होतं आणि सगळे तिच्याशी बोलत होते, चर्चमध्ये प्रवचनाला प्रतिसाद देतात तसे. खोटारडा सावकार आला तेव्हा मागून एक स्वयंपाकीण ओरडली, "बाई गं, दार उघडू नकोस!" लिओन्टीननं दार उघडलं. "सांगितलं होतं तिला!" दुसरी म्हणाली. मोझेल ताठ बसली होती, ओठ आवळून. मग सावकारानं शेत हडपलं आणि मोझेलच्या तोंडून निसटलं, "मेल्या, तुझं वाटोळं होईल."

पडद्यावर वर्षं गेली. लिओन्टीनचे केस पिठासारखे पांढरे झाले, पाठ वाकली. पोरगा मोठा झाला, बाहेरगावी कामाला गेला, आणि एक दिवस एक माणूस दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. मूकपटात बोलणं पडद्यावर लिहून दाखवत, पण तो काय बोलला ते दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती.

बाई रडली नाही. आत गेली, खुंटीवरचा पोराचा शर्ट काढला. टेबलावर पसरला. आधी सगळ्या गुंड्या लावल्या, खालून वर. मग एक बाही छातीवर दुमडली, मग दुसरी, झोपलेल्या माणसानं हात छातीवर घ्यावेत तशी. मग तळहातानं दोनदा थोपटलं, हळू, कुणी जागं होऊ नये म्हणून.

केझायाचा हात मांडीवर आपोआप हलला. दोनदा. अशी घडी जगात तिच्याशिवाय कुणी घालत नव्हतं, आणि तिनंही आयुष्यात एकदाच घातली होती. त्या दिवशी दार लोटलेलं होतं. लेकीनं फटीतून बघितलं होतं तर. बघितलं, मनात जपून ठेवलं, आणि इतक्या वर्षांत एका शब्दानं विचारलं नाही.

"एलिस," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण शेजारी मोझेल होती.

पियानोवाला थांबला होता. ह्या जागी काय वाजवावं त्याला सुचलं नसावं. आणि त्या शांततेत मोझेल रिव्हर्सनं तोंड मिटून सूर धरला. मागच्या रांगेनं उचलला. मग त्याच्या मागच्या. शब्द नसलेला तो सूर थिएटरभर भरला, आणि मागं बसलेल्या पुरुषांनी एकेक करून टोप्या काढल्या. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी तबीथाच्या लेकी गुणगुणत होत्या. केझाया उठेपर्यंत कुणी उठलं नाही.

दारात लिओन्टीन उभी होती. केझाया तिच्यासमोर थांबली.

"बोल आई. मागू माफी?"

केझायानं तिच्या कॉलरवरची सुरकुती बोटानं सारखी केली. "कानाच्या मागं अजून पावडर आहे," ती म्हणाली. "घरी चल, पुसते."

शनिवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रेव्हरंड ड्रेटन, म्हातारे, एका कानानं कमी ऐकणारे, चष्मा पुसत म्हणाले, "मंडळीतलं कुणी थिएटरात गेलं असेल तर उभं राहावं."

लिओन्टीन उभी राहिली. पाठोपाठ केझाया उभी राहिली. मग पुढच्या बाकांवर कापडाची सळसळ झाली आणि तबीथाच्या लेकी, सगळ्याच्या सगळ्या, उभ्या राहिल्या. रेव्हरंडनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला.

"सिस्टर मोझेल? तुम्हीसुद्धा?"

"रेव्हरंड, आम्ही गुरुवारी एका मयताला गेलो होतो," मोझेल म्हणाली. "पांढऱ्यात गेलो, दोघीदोघींनी चालत गेलो, आणि गुणगुणून परत आलो. विचारा कुणालाही. तबीथाच्या लेकींना मयताला जायची माफी मागावी लागत असेल तर मला आजच समजू दे."

"पण मयत कुणाचं?"

"केझायाच्या एलिसचं. राहिलं होतं ते."

रेव्हरंडनी केझायाकडं बघितलं. एलिसचा बाप्तिस्मा त्यांनीच नदीत उभं राहून केला होता.

"आणि लिओन्टीन?" ते म्हणाले.

"ती सगळ्यांच्या पुढं होती," मोझेल म्हणाली. "मयत तिनंच तर नेलं."

रेव्हरंडनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. छप्पर गळत होतं, त्याचा.

नियम मात्र कुणी बदलला नाही. थिएटर सैतानाचं दार होतं ते तसंच राहिलं. एवढंच झालं की पामेटोत लिओन्टीनचा सिनेमा लागला की गुरुवारी दुपारी पांढरी रांग निघे आणि मोझेल दारात म्हणे, "दुःखाची वेळ आहे." पेटिफर्ड तिकिटाचे पैसे घेत नसे. एकदा तर सिनेमा विनोदी निघाला. तबीथाच्या लेकी हातमोज्यांत तोंड लपवून हसल्या आणि बाहेर येताना पुन्हा गंभीर झाल्या.

लिओन्टीननं पेटिफर्डबरोबर पुष्कळ वर्षं कामं केली. डॉक्टरीण झाली, शिक्षिका झाली, एकदा विमानही चालवलं, जमिनीवर उभं असलेलं. फिल्मचे डबे सोबत घेऊन ती गावोगाव आगगाडीच्या पुढच्या, काळ्यांसाठी ठेवलेल्या, कोळशाच्या धुरानं भरलेल्या डब्यातून फिरली. जेवणाच्या डब्यात तिला बसू देत नसत, म्हणून केझाया बुटाच्या खोक्यात शिदोरी बांधून देई: तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकचा तुकडा. "पोचलीस की कळव. एकटी बाहेर पडू नकोस. कोंबडी आधी खा, अंडी टिकतात." दर वेळी तेच. पुढं बोलपट आले, पेटिफर्डचे पैसे संपले, आणि मोठ्या स्टुडिओंना तिच्यासाठी मोलकरणीशिवाय दुसरं काही सुचलं नाही. तिनं तीही कामं केली. पण बघणारे सांगत, मागं एका कोपऱ्यात का होईना ती एखादा कपडा अशी काही घडी घालून ठेवी, की डोळे नायिकेवरून तिकडंच जात.

ते सिनेमे आता बहुतेक उरले नाहीत. शर्टाचा जो होता त्याचे डबे कुठल्या तरी गोदामात उकाड्यानं काकवीसारखे चिकट होऊन गेले. लिओन्टीन परत आली आणि लिटल नेबोच्याच तळघरात पोरींना नाटक शिकवू लागली. हो, तिथंच, रेव्हरंड नवे होते, छप्पर मात्र अजून गळत होतं.

पण पहिल्यांदा ती निघाली तेव्हाची गोष्ट सांगायची राहिली. स्टेशनवर केझाया खोक्याची दोरी पुन्हा पुन्हा आवळत होती. मोझेल निरोप द्यायला आली होती, काळ्या झग्यात, मुद्दाम. पांढऱ्यात आले असते तर अख्खी वस्ती गाडीत चढली असती, म्हणाली.

"हे बघ पोरी," तिनं लिओन्टीनचा हात हातात घेतला. "जा कुठं जायचं तिथं. सावकारांना दार उघडू नकोस. आणि कुठं काही बरंवाईट झालं तर घाबरू नकोस, आम्ही येऊ. शिकागोला येऊ. न्यूयॉर्कला येऊ. चालत आलो तरी येऊ."

"आणि काही बरंवाईट नाही झालं तर, सिस्टर मोझेल?"

"तर दर वर्षी एक सिनेमा पाठवत जा. झगे पेटीत पडून पिवळे होतात."

"पिवळे झाले तर होऊ देत," केझाया तोंडातल्या तोंडात म्हणाली. "पडद्यावर म्हणे तसेच चालतात." आणि तिनं दोरीची गाठ शेवटची एकदा ओढून बघितली.